‘स्कोअर पडला की घराचं विसरा’ म्हणणारा संदेश किती खरा?

क्रेडिट स्कोअरबद्दलचा, म्हणजे कर्जफेडीच्या सवयीवरून मिळणाऱ्या गुणांबद्दलचा एक संदेश सध्या सगळीकडे फिरतो आहे. एकदा स्कोअर बिघडला की सात वर्षं गृहकर्ज मिळत नाही. हवंच असेल तर थकबाकी ‘सेटल’ करा, जुनी कार्डं बंद करा, मिळेल तिथे अर्ज टाका आणि फी भरून क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींचा अहवाल, ‘साफ’ करून घ्या, असं त्यात म्हटलंय. आधीच अडचणीत असलेल्या माणसाला यातला जवळजवळ प्रत्येक सल्ला आणखी खोलात नेतो.

‘सात वर्षं कर्ज नाही.’ अमेरिकेत हप्ते थकल्याची नोंद साधारण सात वर्षं रिपोर्टवर राहते, ब्रिटनमध्ये सहा. पण नोंद दिसते म्हणून कर्ज नाकारलंच जातं, असं नाही. अमेरिकेतल्या फिको या प्रचलित क्रेडिट स्कोअरची पट्टी 300 ते 850 अशी आहे. तिथल्या सरकारी विमा असलेल्या एफएचए कर्जाच्या नियमांत 580 किंवा जास्त स्कोअरला घराच्या किमतीच्या किमान 3.5 टक्के स्वतःचे पैसे लागतात, 500 ते 579 असेल तर 10 टक्के. प्रत्यक्ष कर्ज देणारी संस्था यापेक्षा कडक असू शकते, पण दार बंद नाही. शिवाय चूक कधीची आहे, हेही पाहतात. चार वर्षांपूर्वी हप्ते थकले आणि नंतर एकही चुकला नाही, तर त्याचं वजन गेल्या महिन्यातल्या थकबाकीएवढं नसतं.

खरी किंमत मोजावी लागते ती व्याजात, आणि त्याबद्दल संदेशात अवाक्षर नाही. वीस वर्षांच्या कर्जाला 9 ऐवजी 11 टक्के दर लागला, तर हप्ता जवळपास 15 टक्क्यांनी वाढतो. एकूण व्याज मुद्दलाच्या 1.16 पटीवरून 1.48 पटीवर जातं. म्हणून वर्षभर थांबून स्कोअर सुधारणं परवडतं का, की आत्ता महाग कर्ज घेऊन पुढे ते स्वस्त दरावर दुसरीकडे हलवणं बरं, हा हिशेब आधी मांडायला हवा. दुसरा मार्ग निवडणार असाल तर मुदतपूर्व फेडीचे शुल्क करारात आधीच वाचा.

‘थकबाकी सेटल करा.’ हा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. सेटलमेंट म्हणजे कर्ज देणाऱ्याने ठरलेल्यापेक्षा कमी रक्कम घेऊन खातं मिटवणं. वसुलीचे फोन थांबतात, पण रिपोर्टवर ‘सेटल्ड’ असा शेरा बसतो. पुढच्या सावकाराला त्यातून एवढंच कळतं की या माणसाने पूर्ण पैसे दिले नाहीत. शक्य असेल तर पूर्ण रक्कम भरा, खातं ‘बंद’ झाल्याचं लेखी पत्र घ्या आणि रिपोर्टमध्ये तशी नोंद झाली का, ते पाहा. पूर्ण भरणं अशक्यच असेल, तर न फेडता ठेवण्यापेक्षा सेटलमेंट बरी. पण तिला स्कोअर सुधारण्याचा उपाय म्हणणं चूक आहे.

‘जुनी कार्डं बंद करा.’ कार्ड बंद केलं की उधारीची एकूण मर्यादा घटते, मग तेवढाच खर्च तिच्या मानाने मोठा दिसतो. फिकोमध्ये वेळेवर परतफेडीला 35 टक्के वजन आहे, वापरलेल्या उधारीला 30. कार्ड हातात असलं की खर्च आवरतच नसेल, तर मात्र बंद करा. स्कोअर नंतर बघता येईल.

‘दहा ठिकाणी अर्ज टाका.’ अर्ज आला की सावकार तुमचा रिपोर्ट मागवतो; अशी प्रत्येक चौकशी नोंदली जाते आणि तिचा स्कोअरवर परिणाम होऊ शकतो. फिको थोड्या दिवसांतल्या गृहकर्जाच्या चौकशा एकच धरतो, पण सगळीकडे तशी सवलत असेल असं गृहीत धरू नका.

आणि ‘रिपोर्ट साफ करून देतो’ म्हणणारे? खरी नोंद पैसे देऊन कोणालाही पुसता येत नाही. अमेरिकेत 1996 च्या कायद्याने अशा कंपन्यांना काम होण्याआधी पैसे घ्यायलाच मनाई केली. चुकीची नोंद असेल, तर तक्रार तुम्ही स्वतः करू शकता, तीही फुकट. भारतात आणि अमेरिकेत ती निकाली काढायला साधारण 30 दिवसांची मुदत आहे. पावती किंवा खातं बंद झाल्याचं पत्र जोडून क्रेडिट ब्युरो (हा रिपोर्ट तयार करणारी संस्था) आणि कर्ज देणारी संस्था, दोघांनाही लिहा, आणि दुरुस्ती झालेला रिपोर्ट हातात आल्यावरच गृहकर्जाचा अर्ज भरा.