"बेळगावात मशीन मिळत नाही म्हणून खुंट्या": एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. लाकडाचा सांधा करताना खुंटी की बिस्किट या माझ्या पोस्टवरची तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. तेव्हाच लिहायला बसलो होतो, पण बायको म्हणाली आत्ता नको, रागात आहात, म्हणून दोन दिवस जाऊ दिले. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. खुंटी म्हणजे दोन्ही लाकडांत समोरासमोर भोकं पाडून आत घालायची गोल लाकडी काडी, आणि बिस्किट म्हणजे मशीननं पाडलेल्या खाचेत घालायची चपटी लाकडी चकती. यांचं म्हणणं असं की बिस्किट झटपट होतं, खुंटीला भोकं जुळवत बसावं लागतं. फळीला फळी लांबीत, म्हणजे लांब कडेला कड, जोडायची असेल तर ताकद फेव्हिकॉलचीच, आत काय घातलं त्यानं फरक पडत नाही. २० नंबरच्या (नंबर म्हणजे माप) बिस्किटाची लांबी मी ६० एमएम लिहिली ती चूक. आणि शेवटचं वाक्य जसंच्या तसं देतो: "बेळगावसारख्या ठिकाणी चांगली मशीन हाताळायला मिळत नाहीत, त्यामुळे काकांचं खुंट्यांचं कौतुक समजू शकतो."

लांबीचं तुमचं बरोबर आहे. ५६ लांब, २३ रुंद, ४ जाड. माझी चूक, पोस्टमध्ये दुरुस्ती केली, आभारी आहे. चूक असेल तर मी मान्य करतो, लपवाछपवी करत नाही.

आता ते शेवटचं वाक्य. काका म्हटलात त्याचं काही नाही, वय झालंय. पण "समजू शकतो" हे काय ओ? तुम्ही मला ओळखत नाही, माझं काम बघितलेलं नाही, आणि एका वाक्यात मलाही आणि माझ्या गावालाही अडाणी ठरवून मोकळे झालात. बेळगावात मशीन नाहीत? उद्यमबागेत, आमच्या कारखान्यांच्या वसाहतीत, एकदा फेरी मारा की. फाउंड्री आणि मशीन शॉप शेजारी शेजारी आहेत, बीडाचं (कास्ट आयर्नचं) ओतकाम इथनं देशभर जातं, आणि पुढं हायवेला हत्तरगीला विमानाचे पार्ट बनतात. असल्या गावातल्या माणसाला मशीन बघायला मिळत नाही म्हणणारा माणूस इथं कधी आलेला नसणार, एवढं मी खात्रीनं सांगतो.

मी स्वतः उद्यमबागेतल्या एका पॅटर्न शॉपमध्ये अकरा वर्षं काढली. पॅटर्न म्हणजे ओतकामासाठी लागणारा लाकडी नमुना, आमच्याकडं सागवानाचा करायचो. तो बऱ्याचदा दोन अर्ध्यात असतो, एक साच्याच्या वाळूच्या खालच्या पेटीत एक वरच्या पेटीत, आणि ते दोन अर्धे एकमेकांवर बरोबर बसवतात ते खुंट्याच. एका अर्ध्यात खुंटी पक्की, दुसऱ्यात नेमकी सरकेल एवढं भोक. अर्धा एमएम हुकला की कास्टिंगवर मधोमध पायरी येते आणि माल परत येतो. बीड गार होताना साधारण एक टक्का आकसतं म्हणून आमची मोजपट्टीसुद्धा नेहमीच्या पट्टीपेक्षा तेवढी मोठी असायची, इतकं काटेकोर काम. आमचे मेस्त्री खानापूरकडचे होते. पहिल्याच आठवड्यात मी एका भोकात फेव्हिकॉल ओतला आणि खुंटीवर हातोडा मारला, तर लाकडाच्या पट्टीला उभी चीर गेली. "काय करूलैस रे, तळातला फेव्हिकॉल जाणार कुठं? लाकूड फोडूनच येणार की बाहेर." मग त्यांनी काडीनं भोकाच्या भिंतीला पातळ हात दिला, खुंटीला करवतीच्या पात्यानं दोन उभ्या रेघा ओढल्या आणि हलक्या हातानं ठोकली, रेघांतनं फेव्हिकॉलचे दोन थेंब वर आले आणि थांबले. आता बाजारात मिळतात त्या खुंट्यांवर रेघा आधीच पाडलेल्या असतात, त्या कशासाठी आहेत हे मी त्या दिवशी शिकलो. आणि तुम्ही म्हणता "मशीन हाताळायला मिळत नाहीत".

आणि बिस्किटाचं मशीन मी हाताळलंय. आधी चार इंची ग्राइंडरला लावायची अटॅचमेंट आणली, ती कुणाची ते लिहीत नाही, तिची गाइड हलायची आणि खाच तिरकी पडायची. मग सेकंडहँड का होईना, नीट मशीन घेतलं आणि त्यावर मेव्हणीसाठी सागवानी टीपॉय केली. ऐन जुलै, बाहेर धो धो पाऊस. वरच्या फळ्या बिस्किटं घालून जोडल्या, संध्याकाळी क्लॅम्प लावला, सकाळी काढला आणि लगेच रंधा मारून घासून गुळगुळीत केली. पॉलिश एकदम सुंदर दिसलं. दिवाळीला तिच्याकडं गेलो, सकाळचं ऊन खिडकीतनं तिरकं येत होतं, आणि सांध्याच्या रेघेवर ओळीनं बदामाच्या आकाराचे खोलगट डाग, बोट फिरवलं तर हाताला लागत होते. बिस्किट म्हणजे दाबलेलं बीच लाकूड, फेव्हिकॉलमधलं पाणी पिऊन ते फुगतं, त्यातच त्याचं बळ आहे, पण सोबत वरचं लाकूडही फुगतं. ते ओलं असताना मी सपाट केलं, वाळल्यावर ते खाली बसलं. घाई माझीच झाली, चार दिवस थांबायला पाहिजे होतं, हे मान्य. पण मग "झटपट" कुठं राहिलं? आमच्याकडं जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला जून ते सप्टेंबर जी हवा असते, त्यात बिस्किटाचं पाकीट उघडं राहिलं तर ती खाचेत जातसुद्धा नाहीत, आधीच फुगलेली असतात. खुंटीही फुगते, पण तिला तासून बसवता येतं, बिस्किट तासायला जागाच नसते.

माझ्या पोस्टचा मुख्य मुद्दा खुर्ची आणि दाराच्या फ्रेमचा होता, त्याबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही. दोन इंची आडवी पट्टी पायाला जोडायची आहे. मशीनचं पातं १०० एमएमचं गोल, २० नंबरसाठी ते १२ एमएम आत जातं, म्हणजे तोंडाशी खाच ६५ एमएम लांब होते. पट्टी ५० ची. खाच दोन्ही बाजूंनी बाहेर दिसणार. शून्य नंबर घेतलं तरी ८ एमएम खोलीला ५४ होते, तेही बाहेरच. हे मी कागदावर मांडून मग तुकड्यावर पाडून बघितलंय. आणि बिस्किट घातलंच तरी प्रत्येक बाजूला जेमतेम साडेअकरा एमएम आत, ४० ची खुंटी वीस वीस एमएम आत. खुर्चीवर माणूस मागं रेलतो तेव्हा सगळा जोर याच सांध्यावर येतो, तिथं मी दोन खुंट्या सोडून दुसरं काही घालणार नाही. नाहीतर कुसू करीन, म्हणजे पट्टीचंच टोक तासून पायातल्या खाचेत बसवीन.

१८ एमएम प्लायच्या कपाटालाही मी ८ एमएमचीच खुंटी वापरतो, फळीच्या पोटात १२ एमएम भोक, कडेत ३०, खुंटी ४० ची, म्हणजे २ एमएम फेव्हिकॉलला जागा राहते. ड्रिलला टेप गुंडाळली की खोली चुकत नाही. भोकं जुळवायला पितळी सेंटर मिळतात, एका बाजूच्या भोकात बसवायचे, दुसरी फळी लावून वरून एक टोला, दोन टिंबं उठतात, तिथंच ड्रिल. ज्याला हे अवघड वाटतं त्यानं बिस्किट वापरावं, खाचेत दोन-तीन एमएम इकडं-तिकडं सरकवता येतं, नवख्याला ते सोयीचं आहे, हे मी पोस्टमध्येही लिहिलं होतं.

लांबीतल्या जोडाला फेव्हिकॉलचीच ताकद पुरते, हे मी नाकारलं कुठं? तो विषयच नव्हता. आणि बिस्किट म्हणजे "आधुनिक" आणि खुंटी म्हणजे जुनाट, असा जो सूर तुम्ही लावलाय, त्यावर एवढंच सांगतो की बिस्किट स्वित्झर्लंडच्या हर्मन स्टायनर या सुतारानं १९५० च्या दशकात काढलं. माझ्या जन्माच्या आधीचं आहे ते. बाकीच्या किरकोळ गोष्टींना उत्तर देत बसत नाही.

प्रतिक्रिया काढून टाकलेली नाही, वर तशीच आहे. पुढच्या वेळी चूक दाखवायची असेल तर जरूर दाखवा, ५६ ची दाखवली तशी, पण गावाचं नाव मध्ये आणू नका. आणि इकडं आलात तर ती टीपॉय अजून अनगोळला मेव्हणीकडं आहे, सकाळी नऊच्या सुमाराला खिडकीकडून बघा, डाग अजून दिसतात.