‘शंभर रुपयांना एवढासा फोटो’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

बहिणीच्या लग्नात आम्ही काढलेल्या इन्स्टंट फोटोंना तुम्ही दोन स्टार दिलेत. शंभर रुपयांना एवढासा फोटो, ग्रुपमध्ये मागची माणसं काळोखात, सॉफ्ट कॉपी नाही, आणि ‘बंद पडलेली जुनी गोष्ट नवी म्हणून विकतात’ असं तुमचं म्हणणं. तुम्ही मुद्द्याला धरून लिहिलंय, म्हणून मीही तसंच लिहितो.

आधी सॉफ्ट कॉपीचं, कारण सगळं तिथेच येऊन थांबतं. तुमच्याकडे वापरलेल्या फुजी कंपनीच्या इन्स्टॅक्स कॅमेऱ्यात निगेटिव्ह नसते, मेमरी कार्डही नसतं. समोरच्या माणसाचा उजेड ज्या फिल्मवर पडला, तीच फिल्म फोटो होऊन त्याच्या हातात येते. फोटोच्या पांढऱ्या काठात रसायनाची छोटी पुडी असते. फोटो बाहेर येताना दोन रोलर ती फोडतात, रसायन थरांमध्ये पसरतं आणि साधारण दीड मिनिटात चेहरा स्पष्ट होतो. आमच्या मुलाने तुमच्या मामांना ‘झटकू नका’ म्हटलं ते त्यासाठीच. झटकायची सवय पूर्वीच्या, वरचा कागद सोलून काढायच्या फिल्मची. तो फोटो ओला निघायचा आणि वाळवावा लागायचा. आताचा झटकून लवकर येत नाही, उलट वाकला तर डाग पडतो.

‘मग फोनवरून प्रिंट का देत नाही?’ असंही विचारलंय. देतो. याच फिल्मवर फोनमधला फोटो छापणारा प्रिंटर दुकानात आहे, हव्या तितक्या प्रती निघतात. पण लग्नात मी कॅमेराच सुचवतो, आणि त्याला कारण आहे. मोठा अल्बम काही महिन्यांनी तयार होतो आणि घरातच राहतो. खानापूर, निपाणी, चंदगडहून आलेल्या पाहुण्यांना त्यातला स्वतःचा फोटो बहुतेक कधीच दिसत नाही. इथे माणूस आपला फोटो उभ्या उभ्या बघतो, आशीर्वादाच्या वहीत चिकटवतो आणि खाली दोन ओळी लिहितो. तुमची वही चाळून बघा: एकाच पानावर मराठी आणि कन्नड आशीर्वाद आहेत. तुमच्या आजींनी तर तीनदा चष्मा पुसून फोटो बघितला आणि मगच सही केली. हे काम मी त्यासाठी करतो.

काळोखाबद्दल. या छोट्या कॅमेऱ्याचा फ्लॅश साधारण नऊ फुटांपर्यंतच पोचतो. म्हणून आमचा मुलगा सगळ्यांना पुढे या म्हणत होता. स्टेजवरच्या गर्दीत ते जमलं नाही. ग्रुपसाठी वाइड फिल्म असते, चित्र 62 बाय 99 मिलिमीटरचं, तुमच्याकडे वापरलेल्या छोट्या ‘मिनी’ फिल्मच्या दुपटीहून मोठं. बुकिंगच्या कागदावर तो पर्याय वेगळा छापलेला आहे. दराचं म्हणाल तर दहा फोटोंचं पाकीट येतं आणि बटण दाबलं की एक फिल्म संपली. डोळे मिटलेले फोटो आम्ही बिलात धरत नाही, तुमच्याही धरलेले नाहीत.

आता ‘बंद पडलेली गोष्ट’. पोलरॉइड कंपनीचे संस्थापक एडविन लँड यांनी इन्स्टंट फोटोचं हे तंत्र 1947 साली न्यूयॉर्कमध्ये दाखवलं. 2008 मध्ये पोलरॉइडने फिल्म बंद करायचं जाहीर केलं, हे खरं. पण नेदरलँड्समधल्या एन्सखेडेच्या कारखान्यातली यंत्रं काही जणांनी भंगारात जाऊ दिली नाहीत. जुनी रसायनं मिळेनात, तेव्हा नवी कृती बसवली आणि 2010 मध्ये फिल्म पुन्हा विकायला आणली. त्या लोकांबद्दल मला फार आदर आहे. फुजीची इन्स्टॅक्स 1998 पासून आहे, ती बंद पडलेलीच नाही. दोन्हींतली तुमच्यासाठी इन्स्टॅक्स निवडली ती मे महिन्यामुळे: पोलरॉइडची फिल्म 28 अंशांच्या वर रंग बदलते, इन्स्टॅक्सची 40 पर्यंत चालते. दुपारच्या मुहूर्ताला बेळगावात दुसरी निवड मला पटत नाही.

पैसे परत करण्यासारखं यात मला काही दिसत नाही. पण वही घेऊन या, प्रत्येक पान स्कॅन करून पेन ड्राइव्हवर देतो, त्याचे पैसे नकोत. वही तोवर उन्हात ठेवू नका, रंग उडतात. मंगळवार सोडून सकाळी दहानंतर दुकानात मी असतो.