खुलासा: रुबार्बची पानं अळूसारखी खायची नाहीत

घोडबंदर रोडच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवापासून एक मेसेज फिरतोय: ‘विदेशी चुका रुबार्ब गॅलरीत बारमाही येतो, पानांची अळूसारखी पातळ भाजी करा.’ कृपया असं करू नका.

रुबार्बचा फक्त देठ खातात, तो लाल किंवा हिरवट, सेलरीसारखा जाड असतो. पानाच्या पात्यात ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असतं. त्याने तोंडाची आग होते, उलट्या होतात, जास्त पोटात गेलं तर मूत्रपिंडांना इजा होते. चिंच घाला नाहीतर कितीही उकळा, ते आम्ल नष्ट होत नाही. सोडा घातला तर उलट धोका वाढतो. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये भाजीच्या टंचाईपायी ही पानं खाण्याचा सल्ला दिला गेला आणि विषबाधा झाल्या. गोंधळ कशाने झाला तेही कळतं: आपला आंबट चुका याच कुळातला. पण चुक्याची पानं खातात, याची नाही.

‘बारमाही’ही चूक. हे थंड प्रदेशातलं झाड. हिवाळ्यात कित्येक आठवडे पारा पाच अंशांच्या आसपास राहिला, की त्याचा कंद विश्रांती घेऊन जोमाने फुटतो. ठाण्यात ती थंडी कुठली? बी रुजेल, थंडीत चार पानंही येतील, पण मे महिन्यात झाड माना टाकेल आणि पावसात कंद कुजेल.

कुणी कुंडीत लावलंच असेल, तर देठ कापताना पातं पूर्ण काढून टाका, मुलांच्या हाती लागू देऊ नका. आंबट भाजीच हवी असेल तर चुका लावा, महिना-दीड महिन्यात खुडायला येतो.