‘दहा रुपयांचं रेडियम’ : तुमच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार भाऊ,

तुमचा एका स्टारचा रिव्ह्यू परवा रात्री मुलाने दाखवला. तेव्हापासून चार वेळा वाचला. तुम्ही लिहिलंय, की रिव्हॉल्व्हरला रात्रीची साईट, म्हणजे अंधारात दिसणारी नेमाची खूण, करून मागितली तर आम्ही दहा रुपयांचं रेडियम लावून 1,180 रुपये घेतले, ते दोन तासांत विझतं, फोटोत तीन ठिपके असतात आणि आम्ही एकच दिला. वर तुमच्या पुतण्याला हात हलवत परत पाठवलं.

आधी माफी मागतो. पुतण्याला यावलकडून जळगावपर्यंत भर उन्हात फुकट खेप पडली, ती आमच्यामुळे. फोनवर आमच्या मुलाने ‘काम तयार आहे, घेऊन जा’ एवढंच सांगितलं. कोणी यायचं आणि सोबत काय आणायचं, हे सांगायला हवं होतं. ते चुकलं.

पण भाऊ, ‘दहा रुपयांचं रेडियम’ हे शब्द माझ्या जिव्हारी लागले. हे दुकान आजोबांनी काढलं तेव्हा बारा बोरच्या बंदुका आणि काडतुसं विकायची, एवढाच धंदा होता. आज नवीन परवाने किती निघतात, ते तुम्हालाही माहीत आहे. निवडणुकीची आचारसंहिता लागली की लोक हत्यारं जमा करतात आणि आमचं गिऱ्हाईक थांबतं. आता दुरुस्ती आणि असल्या बारीक कामावरच घर चालतं. नवा माणूस दुकानात पाय ठेवण्याआधी मोबाईलवर हे स्टार बघतो आणि सगळ्यात वर त्याला तुमचं वाक्य दिसतं. म्हणून जरा सविस्तर लिहितोय, राग मानू नका.

आपल्याकडे अंधारात चमकणाऱ्या प्रत्येक गोष्टीला रेडियम म्हणतात. मोटरसायकलच्या मडगार्डवरची पट्टीही रेडियम आणि भिंतीवरच्या चांदण्याही रेडियम. ती पट्टी स्वतः उजेड देत नाही, समोरून लाईट पडला तर तो परत फेकते, एवढंच. खरं रेडियम पूर्वी घड्याळाच्या काट्यांना लावायचे. माझ्या आजोबांच्या घड्याळाला होतं. ते किरणोत्सारी असतं, म्हणून घड्याळवाल्यांनी ते कधीच सोडून दिलं.

तुम्ही मोबाईलवर जो फोटो दाखवला, तो ट्रिटियमच्या साईटचा होता. त्यात काचेच्या बारीक नळीत ट्रिटियम वायू भरलेला असतो आणि नळीला आतून चमकणाऱ्या पावडरचा लेप असतो. वायूतून निघणारे कण त्या लेपावर आदळत राहतात, म्हणून बॅटरी नाही, उन्हात ठेवणं नाही, तरी ठिपका वर्षानुवर्षं दिसतो. 12.3 वर्षांत ट्रिटियम निम्मं उरतं, तसा उजेडही मंद होत जातो. वस्तू उत्तम आहे, त्यात वादच नाही. पण तो वायू किरणोत्सारी आहे, त्यामुळे मामला अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांखाली जातो. बाहेरच्या देशातून हत्याराचा भाग आणायचा तर त्याचा परवाना वेगळा. ‘दुबईहून येणाऱ्या माणसाकडून मागवून द्या’ असं तुम्ही म्हणालात आणि मी नाही म्हणालो. तेव्हाही तुमचा चेहरा पडला होता. असलं काम या दुकानात होत नाही भाऊ, गिऱ्हाईक गेलं तरी होत नाही.

आणि समजा ती साईट मिळाली असती, तरी बसवायची कुठे? तुमचं रिव्हॉल्व्हर कानपूरच्या कारखान्याचं, पॉईंट थ्री टू. मधून मोडून उघडतं, तेच. विलायती पिस्तुलाला स्लाईडवर, म्हणजे वरच्या सरकत्या भागावर, आडवी खोबण असते, जुनी साईट ठोकून काढायची आणि नवी सरकवायची. तुमच्या रिव्हॉल्व्हरला मागची साईट म्हणून वेगळा भागच नाही, नळी अडकवणाऱ्या खिट्टीवरच खाच पाडलेली आहे. पुढची माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, ही पोलादाची पातळ पात. तयार साईट बसवायची तर मूळ धातू कापावा लागेल. त्याला मी हात लावणार नाही, आणि शहाणा मिस्त्रीही लावणार नाही.

फायबरची रंगीत काडी हा दुसरा पर्याय होता. ती दिवसा आणि संध्याकाळी झकास दिसते, पण बाहेरचा उजेड गोळा करून टोकाला आणणं एवढंच तिचं काम. अमावस्येच्या रात्री केळीच्या बागेत ती गोळा काय करणार? म्हणून तुमच्यासाठी मी तिसरा पर्याय निवडला, उजेड पिऊन अंधारात सोडणारा हिरवा लेप. हिरवाच का, तर अंधारात आपल्या डोळ्याला हिरवट रंग सगळ्यात लवकर कळतो.

आता ते 1,180 रुपये. त्यातले 180 रुपये जीएसटीचे, ते माझे नाहीत. उरलेल्या हजारात काय झालं, ते ऐका. मिस्त्रीने आधी माशीवरचं तेल उतरवलं. जुन्या तेलाचा अंश जरी राहिला, तरी लेप आठवड्यात पापडासारखा सुटतो. मग पांढरा रंग, कारण काळ्या पोलादावर लेप थेट लावला तर निम्मा उजेड पोलादच गिळतं. तो वाळल्यावर हिरव्या लेपाचे दोन हात, मध्ये पुरता वेळ देऊन. शेवटी घासाघाशीत टिकावा म्हणून वरून पारदर्शक थर. हे सगळं तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेवर, डोळ्याला भिंग लावून, एकाच केसाच्या ब्रशने. लेप पातेच्या बाजूला ओघळला तर दिवसा माशी जाड दिसते आणि नेम सरकतो. तुमच्या माशीवर पहिल्यांदा तो ओघळला होता. मिस्त्रीने सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून केलं. त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत, तुम्हाला सांगितलंही नाही. दहा रुपयांची पट्टी कात्रीने कापून चिकटवायची असती, तर तुम्ही चहा पिईपर्यंत काम झालं असतं.

दोन तासांत विझतं, हे खरं आहे. पण ते मी लपवलं होतं का? आठवून बघा. हत्यार घ्यायला तुम्ही स्वतः आलात, तेव्हा रिव्हॉल्व्हर उघडून काडतुसांची सहाही घरं रिकामी असल्याचं तुम्हाला दाखवलं. माशीवर मिनिटभर टॉर्च मारला, शटर अर्ध्यावर ओढलं आणि ट्यूबलाईट बंद केली. टोकावर हिरवा दाणा चमकला. तुम्ही म्हणालात, ‘वा!’ तेव्हा मी म्हणालो, हा पहिली दहा-पंधरा मिनिटं असा दिसेल, मग उतरत जाईल, म्हणून मळ्यात निघताना टॉर्च दाखवायचा. तुम्ही म्हणालात, ‘माले समदं माहीत शे.’ तेवढ्यात तुमचा फोन आला, केळीच्या गाडीचा होता, आणि बिलावर सही करून तुम्ही निघालात. आता तुम्हीच लिहिलंय, की हत्यार दिवसभर चामड्याच्या कव्हरमध्ये आणि कव्हर कपाटात असतं. तिथे लेपाला उजेड मिळणार कुठून?

एकच ठिपका दिला, तो विचार करून दिला. घाईत काळोखात हत्यार वर केलं, की सारख्या उजेडाच्या तीन ठिपक्यांत पुढचा कोणता आणि मागचा कोणता हे कळत नाही. मागच्यालाच पुढचा समजून माणूस नेम धरतो. जिथे तिन्ही करतात, तिथेही मागचे मंद किंवा वेगळ्या रंगाचे ठेवलेले बरे. तुमच्या खिट्टीवर दोन ठिपके नीट बसतील एवढी जागाही नाही.

आणखी एक गोष्ट तेव्हा तुमच्या घाईत राहून गेली. साईटचा ठिपका आपली नळी कुठे आहे ते सांगतो, समोर कोण आहे ते सांगत नाही. लाईट रात्रपाळीची असली की त्या वेळी मळ्यात तुमच्यासारखेच दहा जण मोटार चालू करायला निघालेले असतात. कोणाचा सालदार असेल, कोणाचा भाऊ असेल. हजार रुपये साईटवर घालण्याआधी तेवढेच चांगल्या टॉर्चवर घाला, असं मी पहिल्याच दिवशी म्हणालो होतो. तुम्हाला वाटलं मी काम टाळतोय. बिबट्याचं म्हणाल, तर त्याच्यासाठीही टॉर्च आणि आवाजच लागतो. गोळी झाडली तर वन्यजीव कायद्याचं प्रकरण तुमच्याच मागे लागेल.

पुतण्याचं राहिलं. पोरगा चांगला आहे, उलट शब्द बोलला नाही. पण त्याच्याकडे तुमच्या लायसन्सचा मोबाईलवरचा फोटो होता, बाकी काही नाही. 1959 च्या शस्त्र कायद्यात तिसऱ्या कलमातच सोय आहे, परवानाधारकाने लेखी अधिकार दिला तर दुसरा माणूस दुरुस्तीसाठी हत्यार नेऊ शकतो. तुमच्या सहीचे दोन ओळींचे पत्र असतं तरी मी विचार केला असता. नुसत्या फोटोवर रिव्हॉल्व्हर देऊन रजिस्टरमध्ये मी काय लिहू? ‘अपमान केला’ असं तुम्ही लिहिलंय. मी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि हात जोडून नाही म्हटलं.

यापुढे फोनवर सगळं नीट सांगायची व्यवस्था करतो. दुकानात एक बोर्डही लावायचा विचार आहे, बघू.

लेप कुठे उडाला असेल, तर एक पैसा न घेता पुन्हा लावून देईन. सकाळी अकराच्या आत आलात तर संध्याकाळपर्यंत वाळेल. काडतुसं घरी ठेवून या आणि लायसन्सचं मूळ पुस्तक आणा. मंगळवारी दुकान बंद असतं.