परत मागण्याआधीची तयारी

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे २०२४ मध्ये तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्यात आली, तेव्हा ती अस्सल आहेत का आणि कायमची का मिळाली नाहीत यावरून आपल्याकडे उठलेला वाद मी कोपनहेगनमध्ये वाचत होतो. आइसलंडच्या अशाच एका मागणीपुढे या शहराला कधीकाळी आपला जुन्या हस्तलिखितांचा ठेवा मोकळा करावा लागला होता, म्हणून तो वाद मला फार अपुरा वाटला.

तो ठेवा मुख्यतः आर्नी माग्नुसॉन (१६६३–१७३०) या आइसलंडच्या विद्वानाचा. कोपनहेगन विद्यापीठातील हे प्राध्यापक १७०२ पासून दहा वर्षे डेन्मार्कच्या राजाच्या हुकमाने आइसलंडमधील जमिनींची नोंद करत हिंडले आणि त्या निमित्ताने घराघरांतून कातड्यावरची जुनी पाने गोळा करत राहिले. कोणाला त्यांची किंमत नव्हती. प्रेमकथांच्या एका पोथीची पाने कापून बिशपच्या टोपीला ताठपणा यावा म्हणून आत घातलेली होती, तीही त्यांच्या संग्रहात आहेत. १७२८ च्या आगीत त्यांची बहुतेक छापील पुस्तके जळाली, हस्तलिखिते मात्र बहुतांशी वाचली आणि मृत्युपत्राने विद्यापीठाकडे गेली.

आइसलंड डेन्मार्कपासून स्वतंत्र झाल्यावर ती परत देण्याचा कायदा डॅनिश संसदेने १९६१ मध्ये केला, निवडणुकीनंतर १९६५ मध्ये पुन्हा संमत केला, आणि न्यायालयातील लढाई संपल्यावर १९७१ मध्ये पहिल्या दोन पोथ्या बोटीने रेक्याविकला पोहोचल्या. (या दोन्ही पोथ्या आर्नींच्या नव्हेत, राजाच्या ग्रंथालयातल्या होत्या, हे सहसा सांगितले जात नाही.) वाटणीचे काम १९९७ पर्यंत चालले. आइसलंडच्या माणसाने रचलेले किंवा भाषांतरित केलेले आणि मुख्यतः आइसलंडविषयीचे, अशी कसोटी होती. त्यामुळे नॉर्वे-डेन्मार्कच्या राजांविषयीचे पुष्कळ साहित्य इथेच राहिले. माझ्या मते यातली खरी गोष्ट अशी की, हस्तलिखिते येण्याच्या कितीतरी आधी, १९६२ मध्येच, आइसलंडने त्यांच्या अभ्यासासाठी संस्था उभी केली होती. मागणी करणाऱ्याकडे वाचणारेही तयार होते.

आपल्याकडे वि. का. राजवाड्यांनी आर्नींसारखीच पायपीट करून कागद जमवले आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. त्याच पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत, मोडी लिपीतले, आपल्याच ताब्यातले. त्यांच्यासाठी कोणत्याही परदेशी सरकारकडे याचना करावी लागत नाही. तरी मोडी सहज वाचणारे मोजकेच, आणि त्यांच्या नेमणुकांवर वाघनखांइतकी चर्चा झालेली माझ्या तरी वाचनात नाही. शस्त्रे मागू नयेत असे माझे म्हणणे नाही, जरूर मागावीत. पण त्याच अर्थसंकल्पात मोडी वाचकांच्या कायम पदांची आणि रुमालांच्या सूचीची तरतूद कुठे आहे, हा प्रश्न त्याच आमदारांना, त्याच आवाजात विचारला गेला पाहिजे.