एफआरपी, पण उसाची नव्हे

सातारा जिल्ह्यात एफआरपी म्हटलं की आधी ऊस आठवतो, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा किमान दर. २०२५-२६ च्या हंगामाला सव्वादहा टक्के उताऱ्यावर, म्हणजे साखरेच्या रिकव्हरीवर, क्विंटलला ३५५ रुपये, आणि ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे खात्यावर, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ. पण पोवई नाक्यावर मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात जरा वेळ उभे राहा. तिथंही दिवसभर एफआरपीच चालू असते. "एफआरपी लागलीय", "एफआरपी तोडून मिळंल का?" ही दुसरी एफआरपी, फॅक्टरी रिसेट प्रोटेक्शन. फोन पुसून कोरा केला तरी तो आधीच्या मालकाचं गूगल खातं विचारतो आणि ते मिळेपर्यंत दार उघडत नाही. अँड्रॉइड ५.१ आलं तेव्हापासून, म्हणजे २०१५ पासून, ही सोय आहे. चोरानं फोन पळवला तरी त्याला वापरता येऊ नये, एवढाच तिचा हेतू. रिकव्हरीशी संबंध दोन्हीकडे, आणि अडकायचं म्हटलं तर दोन्ही अडकतात.

फरक इतकाच की उसाच्या एफआरपीसाठी हायवे अडवता येतो. फोनच्या एफआरपीसाठी असं काही करता येत नाही, त्यामुळं ती अडकवून घ्यायची तर स्वतःच मेहनत घ्यावी लागते. ती कशी घ्यायची, ते बघू.

पाया खरेदीच्या दिवशीच घालायचा. नवा फोन घेताना खातं स्वतः उघडू नका. "दादा, तूच घाल काय ते" म्हणून फोन काउंटरवरच्या पोराच्या हातात द्या. तो टफन ग्लास चिकटवता चिकटवता जीमेल उघडून देईल. पहिल्या नावाच्या चौकटीत एबीसी, आडनावाच्या चौकटीत एक्सवायझेड, जन्मतारीख १ जानेवारी, पासवर्ड म्हणजे तुमचा मोबाईल नंबर किंवा दुकानाच्या नावापुढं १२३. रिकव्हरी नंबर विचारला की 'स्किप'. तुम्ही त्या वेळात कव्हर फुकट मिळतंय का यावर लक्ष ठेवा, ते जास्त महत्त्वाचं. पोरगं भलतंच सज्जन निघालं आणि त्यानं आयडी-पासवर्ड खोक्यावर पेनानं लिहून दिला, तर खोकं दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याला घाला.

काही दुकानं याच्याही पुढं असतात. दुकानाचं एकच खातं दहा-बारा गिऱ्हाइकांच्या फोनात घालून व्हॉट्सॲप उतरवून देतात. झटपट काम. फोन तुमच्या खिशात, सातबारा दुकानदाराच्या नावावर. पुढं कधीतरी त्या दुकानदारानं आपल्या खात्याचा पासवर्ड बदलला किंवा दुकानाच्या जागी चपलांचं दुकान आलं, की काम फत्ते.

आता पुढची पायरी, हस्तांतरण. घराघरातली रीत अशी, की पुण्याला नोकरी करणारं पोरगं नवा फोन घेतं आणि जुना गावाकडं आबांना येतो. यावेळी कुलूप पक्कं बसायला हवं असेल तर पोरानं काय करू नये, ते आधी सांगतो. सेटिंग्जमध्ये जाऊन 'अकाउंट्स' उघडू नये. तिथलं गूगल खातं निवडून 'रिमूव्ह अकाउंट' दाबू नये. स्क्रीन लॉक काढू नये. आणि मग त्याच सेटिंग्जमधल्या रिसेटच्या पानावरून 'इरेज ऑल डेटा' तर अजिबात करू नये. तिथं फोन आधी पिन विचारतो, पुसणारा मालकच आहे अशी त्याची खात्री पटते आणि आबांना खरोखरच कोरा फोन मिळतो. चहा निवायच्या आत उरकणारं काम, त्यात कसली मजा?

खरी पद्धत बटणांची. फोन बंद करायचा, पॉवर आणि आवाज वाढवायचं बटण एकत्र दाबून धरायचं, रिकव्हरीचं काळं पान आलं की 'वाइप डेटा, फॅक्टरी रिसेट'. पडद्यावर बारीक अक्षरं सरकतात, आपण इंजिनिअर झाल्यासारखं वाटतं. फोन सगळं विसरतो: लग्नाचे फोटो, नातवाचे व्हिडिओ, कारखान्याच्या पावत्यांचे फोटो. एक गोष्ट मात्र विसरत नाही. फोनच्या साठवणुकीत एक लहानसा वेगळा कप्पा असतो, त्यात आधीच्या खात्याची खूण ठेवलेली असते आणि रिकव्हरीतलं हे पुसणं त्या कप्प्याला हात लावत नाही. त्यामुळं भाषा निवडली, वायफाय जोडलं, की फोन विचारतो: या फोनवर आधी असलेल्या खात्यानं साइन इन करा. आबांना वाटतं, फोन बिघडला. फोन ठणठणीत असतो. त्याच्या हिशेबी आबाच चोर असतात.

पॅटर्न विसरलेल्यांचा मार्ग थोडा वेगळा, पोचतात तिथंच. नातवंडांनी आधी पाच चुकीचे पॅटर्न मारायचे, फोन अर्धा मिनिट थांबायला लावतो, मग पुन्हा मारायचे, थांबायची वेळ वाढत जाते. शेवटी कुणीतरी शहाणा बटणांचा उपाय सांगतो. गंमत अशी की बऱ्याच फोनवर रिसेटनंतरच्या त्या पानावर जुना पिन किंवा पॅटर्न टाकूनही सुटका होते. पण तो आठवत असता तर रिसेट कशाला केला असता?

साइन इनच्या पानावर आलात की घाबरून जाऊन डोकं चालवू नका. विशेषतः दुसऱ्या एखाद्या फोनवर गूगलचं खातं परत मिळवायचं पान उघडू नका. तिथं 'ईमेल विसरलात?' असा पर्याय असतो, मोबाईल नंबर आणि खात्यावरचं नाव टाकलं की खातं सापडू शकतं. अर्थात नावाच्या जागी एबीसी एक्सवायझेड टाकायला सुचलं पाहिजे. पासवर्ड परत मिळवताना गूगल बघतं, की ही विचारणा ओळखीच्या ठिकाणाहून, ओळखीच्या वायफायवरून आणि ओळखीच्या फोन-कॉम्प्युटरवरून येते आहे का. म्हणून घरातल्या वायफायवर बसून, ज्या लॅपटॉपवर पूर्वी तेच जीमेल उघडलं होतं त्यावरून शांतपणे प्रयत्न करणं टाळा. एस.टी. स्टँडवर पाव्हण्याच्या फोनवरून, घाईघाईनं, दहा मिनिटांत पंधरा वेळा अंदाजपंचे पासवर्ड मारा. थोड्या वेळानं गूगलच सांगेल, नंतर या.

रिकव्हरीचा नंबर दिला होता आणि ओटीपी त्याच्यावर जातोय, असं निघालं तर? काळजी नको. तो नंबर बहुधा फुकट डेटा मिळतो म्हणून घेतलेल्या सिमचा असतो. कार्ड तीन महिने रिचार्ज न करता, न वापरता पडलं की नंबर बंद होतो आणि पुढं दुसऱ्या कुणाला तरी दिला जातो. तुमचा ओटीपी आता विदर्भातल्या कुठल्या तरी अनोळखी माणसाला जातो आणि तो बिचारा घाबरून डिलीट करतो. आणि फोन कपाटात दोनेक वर्षं पडून होता, ते खातं दुसरीकडंही कुठं उघडलं नव्हतं, तर अजून बरं. दोन वर्षं न वापरलेली खाती काढून टाकायचं धोरण गूगलनं डिसेंबर २०२३ पासून लागू केलंय. कुलूप शाबूत, आणि किल्ली ज्या खात्यात ते खातं जागेवर असेलच याचा भरवसा नाही.

कधी कधी नशीब आड येतं आणि पासवर्ड बदलता येतो. अशा वेळी धीर धरू नका. नवा पासवर्ड त्या फोनपर्यंत पोचायला २४ तास लागू शकतात, म्हणून बदल केल्यावर एक दिवस थांबून मग साइन इन करायचं असतं. तुम्ही लगेच करा. नाही झालं की "गूगलच फ्रॉड आहे" म्हणा आणि पासवर्ड पुन्हा बदला, म्हणजे २४ तासांचं मोजणं पुन्हा पहिल्यापासून. उसाच्या एफआरपीला १४ दिवस थांबणारा माणूस फोनच्या एफआरपीला एक दिवस थांबत नाही, हे आपल्या जिल्ह्याचं खास वैशिष्ट्य म्हणावं लागेल.

इथून पुढं खरा विद्वान यूट्यूब. 'शंभर टक्के वर्किंग, विदाउट पीसी' असं लाल अक्षरांत लिहिलेला व्हिडिओ निवडा. त्यातली युक्ती ज्या फटीतून आत शिरते ती फट पुढच्या सिक्युरिटी पॅचमध्ये बुजवलेली असते, व्हिडिओतला फोन आणि तुमचा फोन दिसायला सारखे असले तरी आतली आवृत्ती वेगळी असते. तरीही तुम्ही रात्री दोनपर्यंत कीबोर्डाची भाषा बदलत बसा. अँड्रॉइड १५ पासून सेटअपची पायरी कशीबशी चुकवली तरी जुन्या मालकाची ओळख पटेपर्यंत फोन नवं खातं घालू देत नाही, नवं स्क्रीन लॉक लावू देत नाही, नवं ॲपही घेऊ देत नाही. हे व्हिडिओत सांगत नाहीत. व्हिडिओच्या खाली एक लिंक असते ती सांगतात.

त्या लिंकवरून 'अनलॉक टूल' नावाची झिप फाइल येते. पासवर्ड घातल्याशिवाय ती उघडत नाही आणि सोबतच्या सूचनेत पहिली ओळ असते: आधी अँटिव्हायरस बंद करा. चोरानं दारात उभं राहून "कुत्रं बांधा, मग आत येतो" म्हणावं, तशातली ही गोष्ट. बांधा. त्याच कॉम्प्युटरवर पतसंस्थेचं नाहीतर बँकेचं काम चालत असेल तर उत्तमच. तेही जमलं नाही तर इंटरनेटवर सापडलेल्या 'कस्टमर केअर'च्या नंबरला फोन लावा. तो स्क्रीन दाखवायचं ॲप घ्यायला सांगेल, दहा रुपये फी भरायला सांगेल. फोन उघडणार नाही, बँकेचं खातं मात्र उघडेल.

अजून हौस असेल तर फ्लॅश मारून घ्या. सॉफ्टवेअर नवं टाकलं की कुलूप जातं, ही समजूत फार जुनी आणि फार प्रेमळ. तो वेगळा कप्पा साध्या फ्लॅशनंतरही शाबूत राहतो, त्यामुळं दोन तासांनी, पैसे मोजून, तुम्ही बरोबर त्याच पानावर परत येता. कारागिरानं दुसऱ्याच मॉडेलची फाइल मारली तर त्या पानावरही येत नाही. कंपनीचं चिन्ह येतं, जातं, येतं, जातं. आणि कुणी जोर करून नको तो भाग पुसला तर आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, उडतो. फोन उघडतो, गाणी वाजतात, नेटवर्कची दांडी मात्र कायमची गायब. मग तोच कारागीर म्हणतो, "आयएमईआय नवा टाकून देऊ का?" जरूर हो म्हणा. दूरसंचार अधिनियम २०२३ प्रमाणं ओळख क्रमांकात फेरफार करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा ५० लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. चार हजारांच्या फोनला इतका मान दुसरं कुणी देणार नाही.

सेकंडहँड घेणाऱ्यांसाठी थोडं वेगळं मार्गदर्शन. विकणारा फोन चालू स्थितीतच दाखवेल, गाणं लावून, कॅमेरा उघडून. कॅमेरा बघून भारावून जा. "माझ्यासमोर सेटिंग्जमधून खातं काढा, रिसेट करा, आणि माझ्या हॉटस्पॉटवर माझ्या खात्यानं उघडून बघू, मग पैसे," असं म्हणू नका. माणसावर विश्वास ठेवायला शिका. स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून १५ आकडी आयएमईआय काढू नका, तो बिलावरच्या आकड्याशी जुळवू नका. केवायएम लिहून, एक जागा सोडून तो आकडा १४४२२ वर एसएमएस केला तर फोन काळ्या यादीत आहे का ते कळतं. कळून घेऊ नका. हरवलेले-चोरलेले फोन देशभर बंद करून घ्यायची सोय संचार साथी पोर्टलवर मे २०२३ पासून आहे. तसा फोन तुम्ही कुलूप तोडून उघडलात तरी तो भारतातल्या कुठल्याच नेटवर्कवर चालत नाही. आणि चोरीचा आहे असं वाटायला कारण असताना घेतला असेल, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१७ आहेच. किंमत निम्म्याहून कमी, खोकं नाही, चार्जर नाही, विकणाऱ्याला स्वतःच्याच फोनचा पिन आठवत नाही: यातलं एकही लक्षण खटकू देऊ नका.

आयफोनवाल्यांनी हुरळून जायचं कारण नाही. त्यांचं ॲक्टिव्हेशन लॉक २०१३ पासूनचं, आणि अधिक चिवट. विकणाऱ्यानं 'फाइंड माय', म्हणजे हरवलेला फोन शोधायची सोय, बंद केलं नाही तर तुमच्याकडं येतो तो एक महागडा आरसा.

एवढं सगळं होऊनही सुटकेची एक वाट राहते, तीही बुजवून टाकू. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला मूळ खरेदीचं बिल आणि ओळखपत्र दाखवलं, बिलावरचा आयएमईआय फोनशी जुळला, तर बऱ्याच कंपन्या कुलूप काढून देतात. म्हणून बिल घेतानाच खबरदारी घ्या. पक्क्या बिलाला जीएसटी पडतो म्हणून साधी पावती घ्या, तिच्यावर 'मोबाईल १ नग' एवढंच लिहून घ्या. पक्कं बिल घेतलंच असेल आणि ते थर्मल कागदावर असेल, तर त्याचा फोटो काढून ठेवू नका. बिल गाडीच्या डिकीत टाका. एक उन्हाळा पुरतो. पुढच्या पावसाळ्यात डिकीत सापडतो तो गुळगुळीत पांढरा कागद, ज्यावर फक्त दुकानाचा शिक्का उरलेला असतो, तोही निम्मा.

फोन मात्र अगदीच निकामी झाला असं समजू नका. कुलपाच्या पानावरूनही आपत्कालीन कॉल लागतो. ११२ फिरवा, पोलीस उचलतील. फोनचा पासवर्ड त्यांना विचारू नका. ते पहिल्यांदा बिल मागतील.