फिटमेंट

दिवसभर मी दुसऱ्यांच्या पैशांसाठी भांडतो. न्यूयॉर्कमध्ये कंपन्यांच्या खरेदी-विक्रीचे करार लिहिणं हे माझं काम. एका करारात ‘वाजवी प्रयत्न’ लिहायचं की ‘व्यापारीदृष्ट्या वाजवी प्रयत्न’, यावर मी समोरच्या वकिलाशी सव्वातीन तास झुंजलो आणि रात्री दीड वाजता जिंकलो. मग घरी जाताना टॅक्सीवाल्याने जर्सी सिटीचं वळण चुकवून मला भलतीकडे फिरवून आणलं, तर त्याचे वीस डॉलर जास्तीचे मुकाट्याने दिले. वर टीपही दिली. स्वतःच्या पैशाचा विषय निघाला की माझी जीभ टाळूला चिकटते. डोंबिवलीच्या आमच्या घरात पैसे मागायचे नसतात, कुणी दिले तर समोर मोजायचे नसतात, घरी येऊन दार लावून मोजायचे असतात. माझं सगळं अर्थशास्त्र एवढंच.

अशा माणसाला २०२४ च्या सप्टेंबरात एका बाईंचा फोन आला. त्यांना इथे हेडहंटर म्हणतात. नाव ऐकून वाटतं की कमरेला कोयता असेल, पण काम अगदी वधूवर सूचक मंडळाचं. एका बड्या लॉ फर्मला माझ्यासारखा वकील हवा होता. मी तेव्हा एका मध्यम आकाराच्या फर्ममध्ये होतो. तिथे काम मोठ्या फर्मइतकंच होतं, फक्त पगार मध्यम आकाराचा होता. बाईंनी सांगितलं, माझ्याकडून एक पैसा घेणार नाही. फी फर्म देते, माझ्या पहिल्या वर्षाच्या पगाराच्या साधारण पंचवीस टक्के. म्हणजे माझं लग्न जमलं की पहिला आहेर बाईंना, आणि तो माझ्याहून घसघशीत.

‘तुमचा आत्ताचा पगार मी विचारणार नाही,’ बाई गंभीरपणे म्हणाल्या. न्यूयॉर्क शहरात ३१ ऑक्टोबर २०१७ पासून नोकरी देणाऱ्याने उमेदवाराला मागचा पगार विचारायला कायद्याने बंदी आहे. २०२२ च्या नोव्हेंबरपासून तर जाहिरातीतच पगार कितीपासून कितीपर्यंत ते छापावं लागतं. हा कायदा माझ्या ठाण्याच्या मावशीला मात्र लागू नाही. नुसती कुणकुण लागताच तिचा व्हिडिओ कॉल. ‘आता किती देतात? नवीन किती देणार? आणि हातात किती पडणार?’ मी आकडा पुरता उच्चारायच्या आत तिने त्याला चौऱ्याऐंशीने गुणलेलं असतं. ही विद्या तिने कुठे आत्मसात केली कोण जाणे. एरवी भाजीवाल्याचा हिशेब ती माझ्या मावसभावाकडून करून घेते.

खरं तर या बड्या फर्ममध्ये पगारावर घासाघीस करायला वावच नसतो. पगार ठरलेला असतो, वर्षागणिक, पायरीपायरीने. क्रॅव्हॅथ नावाच्या फर्मने १९६८ मध्ये नवख्या वकिलाचा पगार १५,००० डॉलर केला तेव्हा सगळ्या वॉल स्ट्रीटने कपाळाला हात लावला, आणि मग तेवढाच पगार देऊ केला. तेव्हापासून हेच चालू आहे. कुणीतरी एक वाढवतो, बाकीचे पाठोपाठ. २०१८ मध्ये मिलबँक नावाच्या फर्मने १,९०,००० केले, २०२३ च्या नोव्हेंबरात परत त्यांनीच २,२५,००० केले. पहिल्या वर्षाला सव्वादोन लाख, दुसऱ्याला २,३५,०००, तिसऱ्याला २,६०,०००, चौथ्याला ३,१०,०००, पाचव्याला ३,६५,०००. तुम्ही हुशार असा की टेबलावर डोकं ठेवून झोपा, पायरी तीच.

हे मी बाबांना समजावायला घेतलं तर त्यांनी मध्येच थांबवलं. बाबा राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त झाले. आधी क्लार्क, मग ऑफिसर, आणि दोन्हीकडे संघटनेत.

‘म्हणजे द्विपक्षीय करार,’ ते म्हणाले. ‘आमचा पहिला १९६६ चा. तुमचा दुसरा पक्ष कोण? युनियन कुठली?’

‘युनियन नाही, बाबा.’

‘मग पगार वाढतो कसा? संप कोण करतं?’

‘कुणीच नाही. एक फर्म वाढवते, मग बाकीच्यांना लाज वाटते.’

पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. ‘आमच्या मॅनेजमेंटला,’ बाबा म्हणाले, ‘छत्तीस वर्षांत एकदाही लाज वाटली नाही.’ मग जरा आशेने, ‘महागाई भत्ता किती?’

तर पगार ठरलेला. मग वाटाघाटी कशाच्या? मानपानाच्या. लग्नाच्या बैठकीत मुलगी ठरलेली, मुलगा ठरलेला, आणि तरी तीन तास चर्चा चालते ती विहिणीच्या साडीवर आणि जानवशाच्या चहावर. तसं इथे साइनिंग बोनसवर. सही केल्याबद्दल एकरकमी बक्षीस. मी ऑक्टोबरात जुनी फर्म सोडली तर तिथला वर्षअखेरीचा बोनस बुडणार होता, म्हणून नव्या फर्मने थोडी भरपाई द्यावी, असा त्यामागचा शिष्टाचार. किती मागायचा याला मात्र धरबंध नाही. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात न्यायमूर्तींकडे वर्षभर लॉ क्लार्क म्हणून काम केलेल्या पोरांना बड्या फर्म पाच लाख डॉलरपर्यंत साइनिंग बोनस देतात. हे मी बाबांना सांगायला नको होतं.

‘क्लार्कला?’

‘तसले क्लार्क नव्हेत, बाबा. ते न्यायमूर्तींना निकालाचे मसुदे...’

‘टायपिंग येतं ना? मग क्लार्कच.’ पुढे दोन दिवस ते आईशीही नीट बोलले नाहीत म्हणे.

फर्मशी बोनसचं बोलायचा फोन ठरला, त्याच्या आदल्या रात्री हेडहंटर बाईंनी माझी शिकवणी घेतली. आकडा सांगायचा आणि गप्प बसायचं. जो आधी बोलेल तो हरला. मी आरशासमोर ‘चाळीस हजार’ एवढे दोनच शब्द म्हणण्याचा सराव केला. बायको म्हणाली, ‘चेहरा असा का करतोस? उसने मागतोयस का?’

दुसऱ्या दिवशी फर्मच्या भरती विभागाच्या बाई फोनवर आल्या. गोड बोलल्या. ‘साइनिंग बोनसबाबत तुमची काही अपेक्षा?’

अपेक्षा! हा शब्द मी आयुष्यात फक्त स्थळांच्या जाहिरातीत वाचला होता, आणि त्याचं सभ्य घरात एकच उत्तर असतं : आमची काही अपेक्षा नाही. ते ओठांवर आलेलं मी गिळलं आणि म्हणालो, ‘चाळीस हजार.’ आणि गप्प बसलो.

पलीकडे शांतता. एक सेकंद. दोन. तिसऱ्या सेकंदाला मला डोंबिवलीचं घर दिसलं, त्यात मान खाली घालून बसलेले आईबाबा दिसले. ‘म्हणजे अगदी चाळीसच असं काही नाही,’ मी म्हणालो. शांतता. ‘पस्तीससुद्धा ठीक आहेत.’ शांतता. ‘तुमच्या नियमात बसत असेल ते. तीस.’ आता मी घामाने चिंब. ‘पंचवीस तर नक्कीच चालतील.’

‘माफ करा हं,’ पलीकडून आवाज आला, ‘माझा फोन म्यूटवर होता. मी म्हणत होते, चाळीसबद्दल कमिटीला विचारून सांगते. पण आता तुम्ही पंचवीस म्हणालात ना?’

दोष माझा नाही. आपल्याकडे पंगतीत ‘नको, नको’ म्हटलं की वाढपी पुढे जात नाही. तो वाटी हातात धरून उभा राहतो, ‘असं कसं, एक तरी घ्या’ म्हणतो, आणि मग आपण नाइलाजाने दोन जिलब्या घेतो. मी खाली येत होतो तो कुणीतरी आग्रह करावा म्हणून. या देशात आग्रहाची पद्धत नाही. ‘नको’ म्हटलं की ताट उचलतात.

तरीही पंचवीस हजार म्हणजे पंचवीस हजार. बायकोने शिरा केला. मावशीने एकवीस लाख असा निकाल कळवला. मग मी कागद-पेन घेऊन बसलो. केंद्राचा कर सरसकट बावीस टक्के कापतात, साडेपाच हजार गेले. न्यूयॉर्क राज्याचे ११.७० टक्के, गेले आणखी २,९२५. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर मिळून एकोणीसशेच्या वर. वर किरकोळ कापाकापी. हातात साडेचौदा हजारांच्या आसपास. शिरा तेवढा करमुक्त.

दोन दिवसांनी ऑफरचं पत्र आलं. सहा पानं. माथ्यावर ठळक अक्षरांत ‘गोपनीय’. मी पहिल्या पानावरचा पगार बघितला, २,६०,०००. जुन्या पगारापेक्षा भरपूर जास्त. तिसऱ्या पानावरचा बोनस बघितला आणि सही करायला पेन उघडलं. दिवसभर लोकांच्या करारातला स्वल्पविराम तपासणारा मी. स्वतःचा करार असा वाचला.

‘सही करू नकोस,’ बाबा म्हणाले. ‘मला पाठव.’

बाबांना स्क्रीनवर वाचलेलं पटत नाही. त्यांनी खालच्या झेरॉक्सवाल्याकडून गोपनीय पत्राची प्रिंट काढून आणली. झेरॉक्सवाल्याने कागद नीट लागलेत ना हे बघताना सहाही पानं वाचली असावीत, कारण दुपारपर्यंत सोसायटीच्या सेक्रेटरींचा अभिनंदनाचा मेसेज माझ्या फोनवर होता.

रविवारी सकाळी बाबा व्हिडिओवर आले. पत्रावर लाल पेनाच्या खुणा.

‘तुला तिथे वकिली करून किती वर्षं झाली?’

‘चार.’

‘मुंबईची तीन?’

‘ती धरत नाहीत.’

‘बरं, नका धरू. पण इथे तर तिसरं वर्ष लिहिलंय.’

‘ते नुसतं लिहायचं असतं, बाबा. पद आहे ते.’

बाबांनी चष्मा काढला. ‘नुसतं लिहायचं असं पगाराच्या कागदावर काही नसतं. फिटमेंट चुकलंय तुझं, पगाराच्या चुकीच्या पायरीवर बसवलंय. एक इन्क्रिमेंट खाल्लं त्यांनी.’

मग त्यांनी हिशेब वाचून दाखवला. तिसऱ्याला दोन साठ, चौथ्याला तीन दहा. पन्नास हजार गेले. वर्षअखेरीचा बोनसही पायरीवर, तिसऱ्याला ५७,५०० आणि चौथ्याला ७५,०००. साडेसतरा हजार गेले. पुढच्या वर्षी मी चौथ्यावर आणि माझ्या बरोबरीचे पाचव्यावर, म्हणजे पगारातच पंचावन्न हजारांचा फरक. ‘आणि तू नाचतोयस पंचवीसवर. तेही एकदाच मिळणाऱ्या.’

स्थळाच्या बाजारात लोक वय दोन वर्षं कमी सांगतात. इथे माझं वय एक वर्षाने परस्पर कमी करून मला तरुण केलं होतं, आणि मी खूश होतो.

मी हेडहंटर बाईंना फोन केला. त्यांना हे आधीपासून माहीत होतं. ‘फर्मचं म्हणणं आहे की लहान फर्ममधली चार वर्षं म्हणजे आमची तीन. जास्त ताणू नका. तुटेल.’ तिसऱ्या वर्षाच्या पगारावर त्यांना पासष्ट हजार पक्के होते, चौथ्याच्या पगारावर साडेसत्त्याहत्तर. वरच्या साडेबारा हजारांसाठी त्या जमलेलं लग्न मोडायला तयार नव्हत्या. आईही म्हणाली, ‘जाऊ दे रे, दिलंय ते काय कमी आहे?’

बाबा मात्र पेटले होते. ‘मी जव्हारच्या शाखेत दोन वर्षं काढली. चार माणसांची शाखा. लहान शाखेत होतो म्हणून माझी सीनिऑरिटी लहान झाली का? उलट तिथे कॅशपासून कुलपापर्यंत सगळं मीच केलं. हे लिही त्यांना.’

आणि मी लिहिलं. फोन करायची छाती नव्हती, पण ईमेल लिहायला बसलो आणि चमत्कार झाला. हे माझं प्रकरणच नव्हतं. हे बाबांचं होतं. अशील डोंबिवलीत पट्ट्यापट्ट्याच्या लेंग्यात बसलं होतं आणि त्याच्यावर अन्याय झाला होता. माझी बोटं धडाधड चालू लागली. मी एकट्याने संभाळलेले सौदे मांडले. लहान फर्ममध्ये चौथ्या वर्षाच्या वकिलाला मोठ्या फर्ममधल्या सहाव्या वर्षाचं काम कसं पडतं ते मांडलं. जव्हारची शाखा इंग्रजीत, नाव न घेता, दुसऱ्या परिच्छेदात घातली. एकदाही ‘अगदीच असं काही नाही’ लिहिलं नाही.

दोन दिवस मी कार्यालयात काय काम केलं ते आठवत नाही. ऑफर मागे घेतली तर मावशीला काय सांगायचं, याचा मसुदा तेवढा मनात तयार होता. तिसऱ्या दिवशी चार ओळींचं उत्तर आलं. चौथं वर्ष मान्य. साइनिंग बोनस मात्र पंचविसाऐवजी पंधरा. सुधारित पत्र सोबत.

सुधारित पत्रही खालच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून आलं. (त्याने या वेळी पैसे घेतले नाहीत.) बाबा शेवटच्या पानावर अडले.

‘हे काय? बारा महिन्यांच्या आत नोकरी सोडली तर पंधरा हजार परत?’

‘हो. सगळीकडे असतं.’

‘कर कापून की कापायच्या आधीचे?’

‘आधीचे. पूर्ण पंधरा.’

‘हातात किती येणार?’

‘पावणेनऊच्या आसपास.’

‘म्हणजे पावणेनऊ द्यायचे आणि पंधरा मागायचे. हा बोनस नाही रे, हे कर्ज आहे.’ बाबा शेवटची दहा वर्षं कर्ज विभागात होते. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. ‘व्याज?’

‘नाही.’

‘तारण?’

‘नाही.’

‘जामीनदार?’

‘कुणीच नाही, बाबा.’

त्यांनी पत्र खाली ठेवलं आणि माझ्याकडे, म्हणजे फोनच्या कॅमेऱ्याच्या जरा वर, बराच वेळ बघितलं.

‘असल्या अर्जावर मी कधी सही केली नसती,’ ते म्हणाले. ‘तू कर.’